लिम्फ नोडची गाठ, तपासण्यांची वाट आणि मधल्या दिवसांतली धास्ती

निशिगंध

गाठ हाताला लागली आहे, डॉक्टरांनी सोनोग्राफी किंवा सुईची तपासणी सांगितली आहे आणि तारीख मिळाली आहे आठ-पंधरा दिवसांनंतरची. हा धागा त्या मधल्या दिवसांसाठी. जाणकारांनी नेमकं लिहावं: तपासणीत काय होतं, रिपोर्टला इतका वेळ का लागतो आणि तोवर डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं. गाठीचे फोटो टाकून "हे काय असेल" असं कृपया विचारू नका. फोटोवरून कोणालाच सांगता येत नाही, आणि जो सांगेल त्याचं ऐकू नये.

सुरुवात माझ्याकडून. शरीरात सुमारे ६०० लसीका ग्रंथी, म्हणजेच लिम्फ नोड, असतात. बहुतेक खोलवर असतात. मान, काख आणि जांघ इथल्या तेवढ्या हाताला लागू शकतात. सडपातळ माणसाच्या मानेत आणि पुष्कळांच्या जांघेत लहान, बोटाखाली सरकणाऱ्या ग्रंथी एरवीही लागतात. ग्रंथी फुगली याचा पहिला अर्थ इतकाच की ती कामाला लागली आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तो हाच प्रकार.

प्रत्येक ग्रंथीचा इलाका ठरलेला असतो. डोक्याच्या मागच्या बाजूच्या ग्रंथी टाळूवरच्या फोडांनी, उवांनी फुगतात. जबड्याखालच्या दात, हिरड्या आणि तोंडामुळे. जबड्याच्या कोनापाशी असलेली टॉन्सिलमुळे. काखेतल्या हात, छाती आणि स्तनांमुळे. जांघेतल्या पाय, पावलं आणि जननेंद्रियांमुळे. म्हणून तारखेच्या आत एक काम करा: गाठ ज्या बाजूची आहे त्या इलाख्यात गेल्या दीड-दोन महिन्यांत काय झालं ते कागदावर लिहा. ठणकलेला दात, नखाशेजारचा पू, मांजराचा ओरखडा, दंडात घेतलेली लस, नवीन सुरू झालेलं औषध. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनसारख्या औषधानेही ग्रंथी फुगतात. डॉक्टर नेमकं हेच विचारतात आणि आयत्या वेळी हेच आठवत नाही.

मापाचं म्हणाल तर आडव्या मापात १ सेंटिमीटरच्या आतली ग्रंथी सहसा नेहमीची धरतात, जांघेत १.५ पर्यंत चालते. कोपराच्या आतल्या बाजूला मात्र ०.५ च्या वर गेली तरी तपासतात. आणि कॉलर बोनच्या वरच्या खळगीत कुठल्याही मापाची गाठ लागली तर वाट पाहायची नाही, अपॉइंटमेंट अलीकडे ओढून घ्यायची. तिथल्या ग्रंथींचा इलाका छाती आणि पोटापर्यंत जातो.

काजवा

चांगला धागा, वाचनखूण साठवली.

एक शंका. "दुखणारी गाठ बरी, न दुखणारी वाईट" हे सगळीकडे वाचायला मिळतं. कितपत खरं आहे?

चाफेकळी_१२

अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच त्रासदायक. ग्रंथी झपाट्याने फुगली की तिचं आवरण ताणलं जातं आणि दुखतं. हे बहुधा संसर्गात होतं, त्यामुळे दुखणं हे साधारणपणे संसर्गाच्या बाजूने बोलतं. उलटं मात्र खरं नाही. साध्या विषाणूमुळे फुगलेल्या पुष्कळ ग्रंथी अजिबात दुखत नाहीत, आणि सर्दी-खोकला गेल्यावर आठवडेच्या आठवडे तशाच हाताला लागत राहतात. "दुखत नाही" या एका गोष्टीवरून काहीच ठरत नाही.

डॉक्टर हाताने बघताना चार-पाच गोष्टी एकत्र धरतात: जागा, माप, किती दिवस आहे, घट्टपणा (मऊ, रबरासारखी की दगडासारखी), आणि खालच्या भागाला चिकटली आहे की सरकते. अनेक ग्रंथी एकमेकींना चिकटून गुच्छ झाला असेल तर क्षयाचा विचार आधी येतो. जुनी माणसं गंडमाळ म्हणतात ती हीच, आणि ती औषधांनी पूर्ण बरी होते.

आकड्यांचं विचारलं नाहीत, पण पुढे कोणीतरी विचारणारच. नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरांकडे कारण न कळलेल्या गाठी घेऊन येणाऱ्यांचा एक अभ्यास १९८८ साली छापला गेला, आजही त्याचाच दाखला देतात. त्यात कर्करोगाचं प्रमाण साधारण १ टक्का निघालं. चाळिशीच्या आत ०.४ टक्के, चाळिशीच्या पुढे ४ टक्के. मोठ्या हॉस्पिटलांतले आकडे याहून कितीतरी जास्त दिसतात, कारण तिथे गाळून पाठवलेले पेशंट येतात. नेटवर सापडणारा आकडा कुठल्या दारावरचा आहे हे पाहिल्याशिवाय स्वतःला लावू नका.

घाटमाथा

सोनोग्राफीबद्दल. तयारी काहीच लागत नाही, उपाशी राहायचं नाही. मानेची असेल तर सैल गळ्याचा कपडा घाला आणि साखळी वगैरे घरी ठेवा. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

बघतात काय? निरोगी किंवा नुसती चाळवलेली ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते आणि मधोमध चरबीची पांढरी रेघ दिसते. तिला रिपोर्टात फॅटी हायलम म्हणतात. लांबी ही जाडीच्या दुपटीहून जास्त असेल तर चांगलं. ग्रंथी गोल झाली, हायलम दिसेनासा झाला, डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह मधून येण्याऐवजी कडेकडेने दिसला, तर सुईचा सल्ला देतात. सल्ला, निदान नव्हे. संसर्गातही हे बदल होऊ शकतात आणि क्षयात तर होतातच.

दोन गोष्टी घोळ घालतात. एक, बोटाला लागणारं माप आणि सोनोग्राफीतलं माप जुळत नाही, कारण बोटाला वरची कातडी आणि चरबीही लागते. दोन, दोन वेगवेगळ्या सेंटरला केलेल्या सोनोग्राफीत एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज येतो. १४ चे १५ झाले म्हणजे वाढली असं नाही. शक्य असेल तर पुढची तपासणी त्याच ठिकाणी करा आणि आधीचा रिपोर्ट सोबत न्या.

टेक्निशियन किंवा सोनोलॉजिस्ट गप्प आहेत, एकाच जागी प्रोब फिरवतात, दोनदा माप घेतात, याचा काहीही अर्थ काढू नका. प्रत्येक ग्रंथीची तीन मापं घ्यायची असतात, गप्प बसूनच घेता येतात.

सोनोग्राफी आणि सुई दोन्ही सांगितलं असेल तर सोनोग्राफी आधी. सुईने आत थोडं रक्त साचतं आणि नंतरचं चित्र बिघडतं.

पिंपळपान

सर्वात मोठा घोळ राहिलाच की! पुष्कळ "गाठी" गाठी नसतात. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाळेच्या ग्रंथी असतात, मऊ, खडबडीत. गळ्याच्या वरच्या भागात हायॉइड नावाचं घोड्याच्या नालेसारखं हाड असतं, त्याची टोकं दोन्हीकडे कडक लागतात. एका बाजूने हलकं दाबलं तर दुसरी बाजू सरकते. कानाखाली, जबड्याच्या मागे, मणक्याचं टोक लागतं. मानेत धडधडणारी "गाठ" ही रक्तवाहिनी असते, ती दाबत बसू नये. दुसऱ्या बाजूला तसंच काही लागतंय का, एवढं एकदा डॉक्टरांकडून दाखवून घ्या. एकदाच.

टाचणी

लॅबच्या बाजूचं लिहिते.

सुईची तपासणी म्हणजे एफएनएसी. सुई बारीक असते, २२ ते २५ गेजची, म्हणजे रक्त काढायला वापरतात तेवढी किंवा त्याहून बारीक. त्यामुळे पुष्कळदा भूलही देत नाहीत. गाठ दोन बोटांत धरून सुई आत-बाहेर हलवतात, एक खेप अर्ध्या मिनिटाची, अशा दोन ते चार खेपा. त्या वेळी गिळू नका आणि बोलू नका, एवढंच तुमच्याकडून हवं असतं. नंतर पाच-दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. दोन-तीन दिवस गाठ दुखरी आणि थोडी मोठी वाटू शकते, ती रक्त साचल्याने. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा, स्वतःहून बंद करू नका.

सुईत सुट्या पेशी येतात, ग्रंथीची घडण येत नाही. संसर्ग, क्षय, दुसरीकडून पसरलेला कर्करोग हे त्यावरून बरंच कळतं. लिम्फोमाचा, म्हणजे लसीका ग्रंथींच्याच कर्करोगाचा, प्रकार ठरवायला मात्र घडण बघावी लागते, म्हणून जाड सुईने तुकडा किंवा अख्खी ग्रंथी काढतात, तीच बायॉप्सी. "सुईनंतर बायॉप्सी सांगितली" याचा अर्थ पुरेसा माल आला नाही किंवा प्रश्न सुईने सुटणारा नाही, इतकाच घ्यावा.

अख्खी ग्रंथी काढायची असेल तर सर्जनला दोन प्रश्न आधीच विचारा. पहिला: तुकड्याचा एक भाग क्षयाच्या कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅटसाठी (क्षयजंतूचा डीएनए मशीनवर शोधणारी तपासणी) फॉर्मलिनशिवाय (तुकडा टिकवायचं रसायन), सलाइनमध्ये पाठवणार ना? फॉर्मलिनमध्ये बुडवला की जंतू मरतात आणि कल्चर होत नाही, मग पुन्हा चिरफाड. लिम्फोमाची शंका असेल आणि फ्लो सायटोमेट्री (सुट्या पेशींचे प्रकार मशीनवर मोजणारी तपासणी) करायची असेल तर त्यालाही ताजाच तुकडा लागतो. दुसरा: मानेच्या मागच्या त्रिकोणातली ग्रंथी असेल तर खांदा उचलणारी नस किती जवळ आहे? ती दुखावली तर हात वर करताना त्रास होतो. सर्जनला हे माहीत असतंच, पण विचारल्याने बोलणं होतं.

आणखी एक, फार महत्त्वाचं. निदान होण्याआधी "सूज उतरवायला" म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. लिम्फोमा स्टेरॉइडने तात्पुरता विरघळतो आणि मग तुकड्यात नीट दिसत नाही. गाठ चोळणं, मालीश करणं, तापलेला शेक देणं हेही नको.

अबोल

@टाचणी, सुईचा रिपोर्ट दोन दिवसांत मिळतो पण तुकड्याला आठ-दहा दिवस सांगतात. एवढे दिवस लागले म्हणजे काहीतरी सापडलंय, असंच वाटतं ना लोकांना?

टाचणी

वाटतं, आणि उशिरावरून काहीच कळत नाही.

हिशोब असा: तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरायला साधारण सहा तासांपासून एक दिवस. मग रात्रभर मशीनमध्ये अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं मेण. दुसऱ्या दिवशी मेणाचा ठोकळा करायचा, तोच ब्लॉक. त्यातून ३-४ मायक्रॉनचे काप, त्यांना रंग देणं, मग पॅथॉलॉजिस्ट बघणार. इथे तीन दिवस गेले, मधे सुट्टी आली तर पाच. त्यानंतर इम्युनो म्हणजे आयएचसी (पेशींचा प्रकार ओळखायचे खास रंग) लागली तर आणखी दोन-चार दिवस. ग्रंथीच्या तुकड्यांवर आयएचसी सरसकट सांगतात. नुसती चाळवलेली ग्रंथी आहे हे पक्कं करण्यासाठीसुद्धा. पॅथॉलॉजिस्टने सहकाऱ्याला स्लाइड दाखवली तर एक दिवस अजून.

क्षयाचं सीबीनॅट मशीनमध्ये दोन तासांत होतं. कल्चर मात्र सहा आठवड्यांपर्यंत ठेवतात, कारण जंतू मुळातच संथ वाढतो. तेव्हा "कल्चर अजून आलं नाही" यात काळजीसारखं काही नाही.

तुकडा दिल्या दिवशीच तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: साधारण तारीख काय, रिपोर्ट कोण सांगणार, आणि त्या तारखेला नाही आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. त्या तारखेच्या आत फोन नाही, आणि त्या तारखेनंतर मात्र जरूर. रिपोर्ट हरवतात, चुकीच्या विभागात जाऊन पडतात. "बातमी नाही म्हणजे सगळं ठीक" असं कधी धरू नका.

मनकवडा

आता मनाचं. हे दोन वेगळे हिशोब आहेत हे आधी पक्कं करू. गाठ काय आहे ते तपासणी ठरवेल. भीती किती वाटते त्यावरून गाठीबद्दल काही कळत नाही, ना चांगलं ना वाईट. "मला आतून जाणवतंय" हा पुरावा नव्हे. तसंच "तू उगाच घाबरतोयस" हाही पुरावा नव्हे. घाबरट माणसालाही तपासणी तितकीच लागते.

भीती टिकते कशावर? खात्री करून घेण्यावर. गाठ चाचपली, "तेवढीच आहे" असं वाटलं, दहा मिनिटं बरं वाटलं, मग "नीट बघितली का?" आणि पुन्हा हात मानेवर. नेटवर शोधणं, घरच्यांना "हात लावून बघ ना" म्हणणं, तोच प्रश्न शब्द बदलून एआयला विचारणं, हे सगळे त्याच चाचपण्याचे भाऊबंद. सॅल्कोव्स्किस आणि वॉरविक या संशोधकांनी १९८६ साली आरोग्यधास्तीची जी मांडणी केली तिचा गाभा हाच आहे: दिलासा मागितल्याने क्षणभर बरं वाटतं आणि त्यामुळेच पुन्हा मागावासा वाटतो.

शिवाय चाचपण्याने गाठीलाच त्रास होतो. डोळा सारखा चोळला तर लाल होणारच. दिवसातून वीस-तीस वेळा दाबलेली ग्रंथी दुखरी होते, भोवतालची कातडी सुजते, आणि "काल दुखत नव्हती, आज दुखतेय" ही नवी काळजी तयार होते.

तेव्हा करायचं असं. डॉक्टरांनी माप घेतलं असेल तर तारखेपर्यंत गाठीला हात लावायचा नाही. हे जमणारच नसेल तर आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, सकाळी, तीन बोटांच्या पेरांनी हलकेच, दहा सेकंद. बस. मधे हात गेला तर स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत, हात खाली घ्यायचा. इच्छा आली की "नाही" म्हणू नका, "वीस मिनिटांनी" म्हणा आणि दोन्ही हात लागतील असं काम घ्या: कपड्यांच्या घड्या, भांडी, कुंडीतली माती उकरणं. ही इच्छा लाटेसारखी चढते आणि ओसरते. वीस मिनिटांनी पुन्हा आलीच तर पुन्हा वीस मिनिटं. पहिले दोन-तीन दिवस जास्त जड जातात, कारण सवय तुटताना अस्वस्थता आधी वाढते. इथेच बहुतेक जण सोडून देतात. ती वाढ म्हणजे उपाय लागू पडत नाही असं नव्हे.

काळजीसाठी रोजची वेळ ठरवा. संध्याकाळी २० मिनिटं, पण झोपायच्या खोलीत नाही आणि झोपेच्या तोंडावर नाही. दिवसभरात येणारा प्रत्येक विचार दोन शब्दांत टिपून "संध्याकाळी" म्हणून बाजूला ठेवायचा. त्या वेळी कागदाच्या डाव्या बाजूला डॉक्टरांना विचारता येतील असे प्रश्न, उजव्या बाजूला बाकी सगळं: "मुलांचं काय होईल", "आधीच उशीर झाला असेल तर". डावी बाजू अपॉइंटमेंटला घेऊन जायची. उजव्या बाजूला उत्तर द्यायचं नाही, फक्त लिहायचं. मन चिंती ते वैरी न चिंती; निदान त्याला २० मिनिटांची हद्द तरी आखून द्या.

डोंगरवारा

थोडं असहमत. नोंद ठेवली तर डॉक्टरांना उपयोग होतो. रोज पट्टीने मोजून तक्त्यात लिहिलं तर वाढतेय की नाही हे कळेल. त्याला धास्ती का म्हणायचं?

घाटमाथा

डोंगरवारा, नोंद जरूर ठेवा, पण मोजता येण्यासारख्या गोष्टीची. कातडीखालची गाठ पट्टीने मोजताना तीन-चार मिलिमीटरची चूक होतेच, आणि खरा बदल आठवड्यात याहून कमी असू शकतो. म्हणजे तक्त्यात गाठीचं नव्हे, तुमच्या बोटाचं चढउतार नोंदलं जाणार. रोज मोजणाऱ्याला रोज नवं कारण मिळतं.

त्याऐवजी हे नोंदवा. ताप: वाटला तरच थर्मामीटर लावा, दिवसातून जास्तीत जास्त दोनदा, ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला का ते. वजन: आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. सहा महिन्यांत काहीही न करता दहा टक्के उतरणं हे मोजमाप आहे, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे ७ किलो. रात्रीचा घाम: कपडे किंवा चादर बदलावी लागली का, हो किंवा नाही. हे तीन प्रश्न डॉक्टर नक्की विचारतात आणि त्यांची उत्तरं एका ओळीत मावतात.

डोंगरवारा

पटलं. तक्ता रद्द.

काजवा

पण घाम येणं, भूक मरणं हे तर नुसत्या धास्तीनेही होतं ना? मग फरक कसा करायचा?

मनकवडा

होतं. धास्तीचा घाम तळव्यांना, काखेत, धडधडीबरोबर येतो, अर्ध्या तासात सरतो. झोपेत चादर भिजवणारा घाम वेगळा. घशात गोळा अडकल्यासारखं वाटणं हे ताणाचं फार नेहमीचं लक्षण आहे. त्यात आवंढा गिळताना अडखळतं पण जेवताना घास नीट जातो. घासच अडकत असेल तर डॉक्टरांना सांगा. आठवडाभर नीट जेवण न गेल्याने किलोभर वजन उतरतं, त्यावरून निष्कर्ष नको.

एक छोटा प्रयोग: डाव्या पायाच्या अंगठ्याकडे एक मिनिट पूर्ण लक्ष द्या. मुंग्या, ऊब, ठोके, काहीतरी जाणवेलच. ते आधीही होतं, लक्ष नव्हतं. मानेकडे दिवसभर लक्ष दिल्यावर मान काय काय सांगेल याचा अंदाज येतो.

रात्रीसाठी: झोप लागत नसेल तर वीसेक मिनिटांनी अंथरुणातून उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत. घड्याळ आणि फोन हाताच्या अंतरात नको. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. याने भीती पळत नाही, शरीराचा वेग खाली येतो. "अजून भीती गेली नाही" असं तपासत बसलात तर तेही चाचपणंच झालं.

आठवडा-दोन आठवडे असं होणं हा आजार नव्हे, वाट पाहणाऱ्या कोणालाही होतं. पण काम बंद पडलं, जेवण-झोप मोडली, किंवा जीएडी-७ या चिंता मोजणाऱ्या सात प्रश्नांच्या चाचणीत २१ पैकी १० किंवा जास्त आले, तर गाठीच्या तारखेची वाट न पाहता मनाच्या डॉक्टरांना दाखवा. नैराश्य-चिंतेच्या रोजच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. झोपेच्या गोळ्या ओळखीच्याकडून मागून घेऊ नका. जगणं नको असं वाटू लागलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला इमर्जन्सीत जायचं, एकट्याने बसायचं नाही.

अबोल

घरच्यांनी काय करायचं? "काही नसेल गं" म्हटलं तर "तुला काय माहीत", आणि गप्प राहिलं तर "तुलाही वाटतंय ना काहीतरी".

पिंपळपान

शांत वेळी, दोघांनी मिळून एक वाक्य आधीच ठरवून ठेवायचं. उदाहरणार्थ, "तारीख अमुक आहे, तोवर गाठ बघायची नाही असं आपलं ठरलंय. चल, चक्कर मारून येऊ." दर वेळी हेच वाक्य, न चिडता. गाठीला हात लावून मत द्यायचं नाही. "काही नसेल" नाही आणि "असू शकेल" पण नाही. रिपोर्ट घ्यायला सोबत जायचं, प्रश्नांचा कागद आपल्या खिशात ठेवायचा आणि उत्तरं आपण लिहून घ्यायची. पेशंटला त्या खोलीतलं निम्मंच आठवतं.

आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका हो. तिथे प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी असतंच.

निशिगंध

पिंपळपान, शेवटच्या ओळीला +१००.

वाट न पाहण्याच्या गोष्टीही इथे असू द्या, म्हणजे धीर धरायच्या सल्ल्यात त्या बुडणार नाहीत. गाठीवरची कातडी लाल, गरम, आतून पू हलल्यासारखी, जोराचा ताप, श्वास घेताना किंवा गिळताना अडथळा, आडवं झाल्यावर दम लागणं, चेहरा आणि मान सुजणं. यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. गाठ आठवड्याभरात डोळ्यांना दिसेल इतकी वाढली तर फोन करून तारीख अलीकडे मागा.

रक्ततपासणीबद्दल एकच ओळ: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आली म्हणून ठरलेली सोनोग्राफी किंवा बायॉप्सी रद्द करू नका, आणि ईएसआर (शरीरातल्या दाहाचा ढोबळ अंदाज देणारी रक्तचाचणी) वाढला म्हणून रात्र जागवू नका. तो डझनभर साध्या कारणांनी वाढतो.

चाफेकळी_१२

रिपोर्ट हल्ली थेट फोनवर येतो, बऱ्याचदा रात्री. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत उघडायचा की नाही हे आधीच ठरवून ठेवा. माझं मत: नोटिफिकेशन बंद, आणि रिपोर्ट सकाळी, सोबत कोणी असताना, डॉक्टरांना फोन करता येईल अशा वेळीच उघडायचा.

उघडलाच तर काही शब्द. "रिअ‍ॅक्टिव्ह" म्हणजे चाळवलेली ग्रंथी. "सबसेंटिमेट्रिक" म्हणजे एक सेंटिमीटरच्या आतली. "ग्रॅन्युलोमॅटस" म्हणजे क्षय किंवा त्यासारखी इतर कारणं. पुढे जंतू शोधतात. "इनअ‍ॅडिक्वेट" किंवा "नॉन-डायग्नॉस्टिक" म्हणजे माल कमी आला, परत करावं लागेल. हा नॉर्मल रिपोर्ट नव्हे, त्यावर निवांत होऊ नका. "अ‍ॅटिपिकल" म्हणजे पेशी नेहमीसारख्या नाहीत पण ठाम सांगता येत नाही. "क्लिनिकली कोरिलेट करा", म्हणजे लक्षणांशी जुळवून बघा, हे जवळपास प्रत्येक रिपोर्टवर असतं.

काजवा

आणि "रिअ‍ॅक्टिव्ह" आलं तरी गाठ तिथेच असेल तर? भीती तशीच राहते की.

टाचणी

गाठ राहू शकते. चाळवलेली ग्रंथी पूर्वीच्या मापाला यायला आठवडे-महिने घेते, काही कायमच्या थोड्या मोठ्या राहतात. डॉक्टरांकडून फेरतपासणीची तारीख घ्या. तोवरचा नियम तोच, हात नाही. अपवाद एवढाच: सुईत "रिअ‍ॅक्टिव्ह" आलं पण गाठ वाढतेच आहे, किंवा ताप-घाम-वजन चालूच आहे, तर सुईवर न थांबता तुकड्याची तपासणी मागा. सुईतून लिम्फोमा निसटू शकतो.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन उपयोग नाही. लॅबकडून स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही लेखी अर्ज देऊन घ्या. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टावरचा नंबर जुळतो का ते खिडकीवरच बघा. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. आणि काम झालं की ब्लॉक परत लॅबला नेऊन द्या, पुढे कधी लागला तर तिथेच सापडेल.